ओढ्याची प्रकृती दगडाखाली पाहावी

नदीच्या प्रदूषणावर आपल्याकडे बरेच लिहिले जाते, ओढ्यावर फारसे कोणी लिहीत नाही. वास्तविक सह्याद्रीतून निघणारी प्रत्येक नदी ही असंख्य ओढ्या-ओहोळांची बेरीज असते. पुण्याची रामनदी पाहा. खाटपेवाडीच्या परिसरात उगम पावून भूगाव, बावधन, पाषाण असा प्रवास करत ती औंधजवळ मुळेला मिळते. एवढ्याशा वाटेत डोंगरउतार, शेती, तलाव आणि दाट वस्ती असे सगळे येते. अशा प्रवाहाची प्रकृती ‘चांगली’ की ‘वाईट’ हे एका शब्दात सांगता येत नाही. कोणत्या टप्प्यावर काय बिघडले आहे, ते शोधावे लागते.

नेहमीचा मार्ग म्हणजे पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवणे. त्यातून सामू, विरघळलेला प्राणवायू आणि बीओडी, म्हणजे पाण्यातील घाण कुजताना लागणारा प्राणवायू, हे आकडे मिळतात. ते आवश्यकच आहेत. पण बाटली त्या क्षणापुरती साक्ष देते. शेवाळाने भरलेल्या पाण्यात दुपारी प्राणवायू भरपूर दिसतो आणि पहाटे तोच तळाला जातो. रात्री सोडलेले रसायन सकाळी वाहून गेलेले असते. शेतातल्या कीटकनाशकाचा एखादाच लोट ओढ्यातले कीटक मारून टाकतो. आठवड्यानंतरच्या नमुन्यात मात्र त्याचा मागमूस नसतो.

दगडाखालच्या जिवांना असे निसटता येत नाही. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय, चतुर आणि टाचण्या यांचे बालपण पाण्यातच जाते. काहींचे काही आठवडे, तर काहींचे वर्षभर किंवा त्याहून अधिक. त्या काळात जे जे घडले, त्याची नोंद त्यांच्या असण्या-नसण्यात राहते. ही कल्पना जुनी आहे. कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी 1908-09 मध्ये वनस्पती व प्राण्यांवरून पाण्यातील सेंद्रिय घाणीची पातळी ओळखण्याची पद्धत मांडली. पुढे ब्रिटनमध्ये प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण देणारी ‘बीएमडब्ल्यूपी’ पद्धत तयार झाली. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही अशा गुणांवर आधारलेले ‘अ’ ते ‘इ’ असे पाच वर्ग ठरवले आहेत.

पद्धत सोपी आहे. बारीक जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरायची आणि तिच्यासमोरचे दगड-वाळू पायाने 3 मिनिटे ढवळायची. जाळीत आलेले पांढऱ्या ताटात पाण्यासह ओतायचे, कुळे ओळखून नोंदवायची आणि जीव परत सोडायचे. सांडपाणी मिसळलेल्या जागी रबरी हातमोजे आणि गमबूट हवेतच.

समजा, घाटातल्या एका ओढ्यात चपट्या अंगाची मेफ्लायची पिल्ले (10 गुण), स्टोनफ्लायची पिल्ले (10), गोम्फिडी कुळातल्या चतुराची पिल्ले (8) आणि बेटिडी कुळातली मेफ्लाय (4) सापडली. बेरीज 32, सरासरी 8. खाली वस्तीनंतर फक्त फायसा गोगलगाय (3), कायरोनोमिडच्या लाल अळ्या (2) आणि गाळातले बारीक कृमी (1) उरले. बेरीज 6, सरासरी 2. याच यादीतून आणखी एक गोष्ट कळते. ‘मेफ्लाय दिसली म्हणजे पाणी शुद्ध’ हा समज पुरता खरा नाही. बेटिडी बरीच घाण सोसते, म्हणूनच तिला 4 गुण आहेत.

या गुणांमागे शरीररचना आहे. स्टोनफ्लायला थंड, खळाळते, प्राणवायूयुक्त पाणी लागते. 20 अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना सुमारे 7.5. म्हणजे काठचे उंबर, करंज, वाळुंज तोडले की सांडपाण्याचा थेंबही न मिसळता ओढ्याचा श्वास आखडतो. शिवाय गळलेली पाने हे तिथल्या कितीतरी जिवांचे अन्न असते, तेही जाते. उलट लाल अळीच्या रक्तात हिमोग्लोबिन असते आणि फायसा पृष्ठभागावर येऊन हवा घेते. म्हणून घाणीत ही दोघे टिकतात.

ब्रिटिश गुण मात्र इथे जसेच्या तसे लावू नयेत. आपले ओढे पावसाळ्यात धुऊन निघतात आणि अनेक ओढे उन्हाळ्यात आटतात. म्हणून पूर ओसरल्यावर एकदा आणि पाणी आटण्यापूर्वी एकदा पाहणी करावी. तुलनेसाठी परदेशातली नदी न घेता त्याच ओढ्याचा वरचा, कमी बिघडलेला टप्पा घ्यावा.

हे आज निकडीचे आहे, कारण ओढे सरळ करून त्यांना काँक्रीटचे काठ देणे याला सुधारणा म्हटले जाते. अशा कामानंतर बाटलीतले आकडे कदाचित बदलणारही नाहीत. पण दगड गेले, सावली गेली, की राहायला जागाच उरत नाही. एक आशा मात्र असते. वरच्या टप्प्यातले जीव प्रवाहाबरोबर खाली येतात, पंख फुटलेले कीटक उडत येऊन अंडी घालतात आणि घाण थांबली तर मेलेला टप्पा पुन्हा वसतो. त्यासाठी वरचा टप्पा शाबूत हवा. ते ओढ्याचे बियाणे आहे. म्हणून गावाने किंवा वॉर्डाने कामाचा आराखडा मंजूर होण्याआधी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणची नोंद करून ठेवावी. काय गमावले जाणार आहे, हे त्याशिवाय कागदावर येत नाही.