प्रवाशांचा नवा वाटाड्या

पूर्वीं लोणारास येणारा प्रवासी गांवांत वाट विचारी, आणि एखादा वृद्ध गृहस्थ त्यास दैत्यसूदनाचें देऊळ दाखवून लवणासुराची कथाही सांगे. आतां हें काम बहुतांशीं मोबाईल करतो. लोणारचें सरोवर, शेगांवचें श्रीगजानन महाराजांचें समाधिस्थान व सिंदखेडराजा येथील जिजाऊंचें जन्मस्थान अशीं मोठीं स्थळें ज्या बुलढाणा जिल्ह्यांत आहेत, तेथील विद्यार्थ्यांनीं या नव्या वाटाड्यावर कितपत विसंबावें हें समजून घेणें अगत्याचें आहे.

पैशाचा व्यवहार त्यानें सोपा केला, यांत शंका नाहीं. चहाच्या टपरीवरील काळ्या ठिपक्यांचा चौकोन म्हणजे केवळ दुकानदाराच्या खात्याचा पत्ता होय. २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीनें त्या पत्त्यावर ग्राहकाच्या बँकेंतून रक्कम तत्काळ जाते. सुट्या पैशांची कटकट उरत नाहीं. दर्शनाची गोष्ट मात्र इतकी सरळ नव्हे. नोव्हेंबर २०२० मध्यें राज्यांतील देवळें पुन्हा उघडलीं, तेव्हां शेगांवीं ऑनलाइन पास घ्यावा लागे. साथीच्या दिवसांत गर्दी आवरण्यास तो उपाय योग्यच होता. परंतु ज्या आजीबाईंच्या हातीं मोबाईल नाहीं, त्यांस शेजारच्या मुलावांचून गति नव्हती.

आतां नकाशाकडे वळूं. पृथ्वीभोवतीं फिरणारे उपग्रह आपली वेळ व स्थान सतत कळवीत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश पोंचण्यास किती वेळ लागला, यावरून मोबाईल आपण कोठें आहों तें काढतो. नकाशा आधींच डाउनलोड करून ठेवला असेल, तर नेटवर्क नसतांही वाट सांपडते. पण वळणावरचें देऊळ कोणाचें, हें उपग्रह सांगत नाहीं. तें कोणा माणसानेंच लिहिलेलें असतें. खरी मेख येथेंच आहे.

जून २०२० मध्यें लोणारचें पाणी गुलाबी झालें. छायाचित्रें क्षणार्धांत जगभर गेलीं. उपग्रहांनींही तो रंग टिपला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाणी तपासून सांगितलें कीं, हा रंग क्षारप्रिय सूक्ष्म जीवांचा आहे. पुढें पाणी पूर्ववत् हिरवट झालें. चित्रें मात्र तारखेवांचून फिरतच राहिलीं. तीं पाहून दूरवरून आलेलें कुटुंब काठावर उभें राहून गुलाबी पाणी शोधूं लागलें, तर त्याचा दोष सरोवराकडे कसा? असा प्रवासी तासाभरांत परततो. वाटाड्यास, खाणावळवाल्यास त्याजपासून लाभ तो काय होणार! आणि दैत्यसूदनाच्या भिंतीवरील कोरीव काम न पाहतांच तो जातो, हें नुकसान त्याचेंही आहे.

वयाचेंही तसेंच. उल्काघातानें झालेल्या या विवराचें वय पूर्वीं सुमारें ५२ हजार वर्षें मानीत. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-मापनानें तें सुमारें ५ लक्ष ७० हजार वर्षें निघालें. तरी एकानें दुसऱ्याचें उतरून घेण्याच्या संवयीनें जुनाच आंकडा अनेक ठिकाणीं आढळतो.

हें सुधारण्यास मोठें भांडवल लागत नाहीं. मराठी विकिपीडियावर कोणासही दुरुस्ती करतां येते. तींत आधार मात्र दिला पाहिजे. सरोवराचें चित्र चढवितांना तें कोणत्या महिन्याचें हें लिहावें, वयाचे दोन्ही आंकडे वर्षासह द्यावेत, आणि ओढ्याचें, देवळाचें वा वाटेचें नांव गांवकरी उच्चारतात तसेंच, त्यांस विचारून, नोंदवावें.