विश्लेषण : चेहऱ्यावरचे डाग शोधणारे हातातले यंत्र, पण डाग खरेच जातात का?

गालावरचा वांग, मुरुमांनंतर राहिलेले काळे डाग, उन्हाने असमान झालेला रंग यांवर आता क्रीमच्या जोडीला हातात मावणारी यंत्रेही आली आहेत. काही यंत्रे डाग शोधतात, काही झाकतात, तर काही डाग घालवण्याचा दावा करतात. ही तिन्ही कामे वेगळी आहेत आणि त्यात गल्लत झाली, तर पैशांबरोबर त्वचेचेही नुकसान होऊ शकते.

डाग यंत्राला कसा दिसतो?

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील आणि निळा प्रकाश जास्त प्रमाणात शोषते. त्यामुळे अशा प्रकाशात मेलॅनिन साचलेली जागा आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गडद दिसते आणि साध्या उजेडात न जाणवणारा डागही उठून दिसतो. हे तत्त्व नवे नाही. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘वुड्स लॅम्प’ हा अतिनील दिवा त्वचारोगतज्ज्ञ अनेक दशके वापरत आहेत. डाग त्वचेच्या वरच्या थरात आहे की खोलवर, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

‘ऑप्टे’ काय करते?

प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने जानेवारी 2019 मध्ये लास व्हेगासच्या ‘सीईएस’ प्रदर्शनात ‘ऑप्टे’ हे उपकरण मांडले. ते चेहऱ्यावरून फिरवले की निळ्या एलईडी प्रकाशात त्यातील कॅमेरा सेकंदाला 200 छायाचित्रे टिपतो. डाग कुठे आहे हे संगणकीय प्रणाली ठरवते आणि 120 सूक्ष्म छिद्रांतून तेवढ्याच जागी त्वचेच्या रंगाशी जुळणारे खनिज रंगकण असलेले सीरम फवारले जाते. घरातल्या इंकजेट प्रिंटरचेच हे तंत्र, फक्त कागदाच्या जागी चेहरा! अमेरिकेत त्याची किंमत 599 डॉलर ठेवण्यात आली होती. नियमित वापराने डाग फिके होतात, असा कंपनीचा दावा होता. मात्र लगेच दिसणारा परिणाम हा डाग झाकला गेल्याचा असतो. चेहरा धुतला की रंग निघून जातो.

प्रकाशाने उपचार करणाऱ्या यंत्रांचे काय?

‘आयपीएल’ प्रकारची यंत्रे प्रखर प्रकाशाचा झोत टाकतात. मेलॅनिन तो शोषते, तापते आणि त्या उष्णतेने डाग फुटतो. गोऱ्या त्वचेत डाग आणि आजूबाजूची त्वचा यांत मोठा फरक असतो. सावळ्या त्वचेत मात्र सगळीकडेच मेलॅनिन भरपूर असते. त्यामुळे डागाबरोबर निरोगी त्वचाही भाजू शकते आणि भाजलेल्या जागी नवा, आधीपेक्षा गडद डाग उमटू शकतो. वांगही अशा उष्णतेने बळावू शकतो. म्हणूनच केस काढण्याच्या अनेक घरगुती आयपीएल यंत्रांत त्वचेचा रंग ओळखणारा सेन्सर असतो आणि त्वचा फार गडद असल्यास यंत्र झोत सोडत नाही. बहुतेक भारतीयांची त्वचा फिट्झपॅट्रिक मापनपद्धतीच्या सहा प्रकारांपैकी मधल्या ते गडद गटात मोडते. त्यामुळे परदेशी जाहिरातीतला ‘आधी आणि नंतर’चा फोटो इथे लागू पडेलच असे नाही.

यंत्र निदान करू शकते का?

रंगातला फरक मोजणे म्हणजे रोगाचे निदान नव्हे. गडद ठिपका वांग असेल, मुरुमाचा व्रण असेल, तीळ असेल किंवा क्वचित त्वचेचा कर्करोगही असेल. वांगामागे ऊन, आनुवंशिकता, गर्भारपण किंवा गर्भनिरोधक गोळ्या अशी कारणे असू शकतात. आकार किंवा रंग बदलणारा, रक्त येणारा ठिपका झाकण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.

मग करायचे काय?

पहिला उपाय यंत्रापेक्षा स्वस्त आहे : उन्हापासून बचाव. टोपी, छत्री आणि सनस्क्रीन. वांगासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, रंगछटेचे सनस्क्रीन अधिक उपयोगी ठरते, कारण ते दृश्य प्रकाशही अडवते. मेडिकलमधून स्वतःच ‘गोरेपणाची’ क्रीम आणून लावणे टाळावे. त्यातील काहींत स्टिरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो. पण पुढे त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात आणि क्रीम थांबवताच त्रास उसळून येतो.

यंत्र विकत घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. ते डाग दाखवते, झाकते की घालवते? आपल्यासारख्या त्वचेवर त्याची चाचणी झाली आहे का? आणि डाग कशाचा आहे, हे डॉक्टरांनी पाहिले आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आधी दवाखाना गाठावा. यंत्राचा विचार नंतरही करता येईल.