न दुखणाऱ्या शरीराची राखण

चुलीवरचं तापलेलं भांडं चुकून हातात आलं की हात आधी मागे येतो, विचार नंतर. कुष्ठरोगानं ज्याच्या हाताच्या नसा बधिर केल्या आहेत, त्याचा हात मागे येत नाही. कातडी भाजते, फोड येतो, फुटतो, चिघळतो. नजर जाईपर्यंत त्याला पत्ता नसतो. कुष्ठरोग बोटं खातो, अशी समजूत पिढ्यानपिढ्या चालत आली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं की बोटं जंतूंमुळे झडत नाहीत. दुखण्याचा इशारा मिळत नसल्यामुळे रोजच्या बारीकसारीक इजा साठत जातात आणि शेवटी बोटं जातात.

आता दुसरा माणूस डोळ्यांसमोर आणा. झाडावरून पडून किंवा रस्त्यावरच्या अपघातात त्याच्या मज्जारज्जूला इजा झाली आहे. कमरेखाली हालचाल नाही, स्पर्शही कळत नाही. तो व्हीलचेअरवर बसतो. तुम्ही हा लेख वाचताना निदान दोनदा तरी कूस बदलाल आणि ते तुमच्या ध्यानातही येणार नाही. बैठकीच्या हाडांखाली कातडी दाबली गेली की केशवाहिन्यांतलं रक्त अडतं, कातडी कुरकुरते आणि शरीर आपोआप सरकतं. या माणसाची कातडीही तशीच कुरकुरते, पण ती हाक मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. काही तासांत आतलं मांस मरू लागतं आणि मग ती जखम भरायला महिने लागतात.

एकाच्या आजाराचं कारण जंतू, दुसऱ्याच्या आजाराचं कारण अपघात. तरीही दोघांना सोडवायचं कोडं एकच आहे: जे शरीर दुखत नाही, ते राखायचं कसं? आणि उत्तरही एकच आहे. जे काम वेदना करायची, ते काम आता लक्ष करतं. कुष्ठमुक्त माणूस संध्याकाळी तळवे न्याहाळतो. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलतो किंवा पुढे झुकतो, दाब मोकळा करतो आणि रात्री आरशात पाठीमागची कातडी तपासतो. निसर्गानं आपल्याला फुकट दिलेली राखण हा माणूस शिकून, ठरवून, दिवसभर करतो. मला हे माणसाच्या बुद्धीचं फार मोठं कर्तृत्व वाटतं.

ही दोन्ही माणसं एकाच जमिनीवर राहतात आणि काम करतात, अशी जागा चंद्रपूर जिल्ह्यात आहे. बाबा आमटे आणि साधनाताईंनी 1951 साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभं करायला सुरुवात केली. पुढे तिथे अंध मुलांची शाळा आली, कर्णबधिर मुलांची शाळा आली आणि हातापायांनी अधू असलेल्या तरुणांना काम शिकवणारं संधिनिकेतन आलं. पाठीच्या कण्याचं दुखणं स्वतः बाबांनाही होतं. ते उभे राहू शकत, चालू शकत, आडवे होऊ शकत. बसू मात्र शकत नसत. डिसेंबर 1985मध्ये कन्याकुमारीहून निघालेल्या भारत जोडो यात्रेत तरुण सायकलींवर होते आणि सत्तरी ओलांडलेले बाबा बसमधल्या बिछान्यावर आडवे राहून त्यांच्यासोबत काश्मीरच्या दिशेनं जात होते. बसता न येणाऱ्या माणसानं देश ओलांडला, कारण प्रवासाची रचना त्याच्या शरीराला अनुरूप केलेली होती. स्वतंत्र आयुष्याचं मर्म मला इथेच सापडतं. ते मनगटाच्या ताकदीपेक्षा रचनेत जास्त असतं.

दोन कोड्यांचं हे नातं एका डॉक्टरच्या आयुष्यात अक्षरशः एकत्र आलं. वेल्लोरच्याच डॉ. मेरी वर्गीस यांना 1954 साली मोटार अपघातात मज्जारज्जूची इजा झाली आणि कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. ब्रँड यांच्या हाताखाली त्या शस्त्रक्रिया शिकल्या आणि चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांची आखडलेली बोटं मोकळी करू लागल्या. हातांच्या शस्त्रक्रियेला सर्जन बसलेला चालतो, एवढी साधी गोष्ट कुणीतरी ध्यानात घेतली म्हणून हे घडलं. पुढे 1966मध्ये वेल्लोरला त्यांच्या पुढाकारानं पुनर्वसन केंद्र उभं राहिलं.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जू तुटलेले बहुतेक रुग्ण थोड्याच काळात दगावत. त्यांचा जीव मूळ इजेनं जात नसे, दाबाच्या जखमांनी आणि लघवीतल्या संसर्गानं जात असे. इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल रुग्णालयात 1944पासून लुडविग गुटमान यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णांची कूस बदलायची शिस्त लावली. मूत्राशय वेळेवर रिकामं करण्याची पद्धत बसवली आणि रुग्णांच्या हातात धनुष्यबाण दिले. 29 जुलै 1948 रोजी तिथे सोळा खेळाडूंची स्पर्धा झाली. तिच्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. 1965च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1972 साली हायडेलबर्गच्या तलावात पोहले आणि भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळालं. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवरून नोकरी केली, 1984मध्ये संस्था काढली आणि असंख्य अपंग मुलांना शिक्षणाची, रोजगाराची वाट करून दिली. त्यांच्या आत्मकथनाचं नावच ‘चाकाची खुर्ची’ आहे.

पण शहरातली फरशी वेगळी आणि आपली पांदण वेगळी. व्हीलचेअरची पुढची दोन चाकं लहान असतात आणि खड्ड्यात, चिखलात तीच आधी रुततात. म्हणून सराईत माणूस अंगाचा भार मागे टाकून ती चाकं उचलून धरतो आणि मोठ्या चाकांवर तोल साधत उंबरा, नाली, दगड ओलांडतो. हे कसब शिकवता येतं आणि शिकायला हवं. लांबच्या कच्च्या वाटेला हातानं चालवायची तीनचाकी सायकल बरी पडते; घराच्या आत मात्र ती वळत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये अमोस विंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास खेड्यांसाठी तरफेची खुर्ची बनवली. तिला दोन दांडे आहेत. दांडा वर धरला की जोर जास्त मिळतो आणि चिखल, चढ पार होतो. खाली धरला की सपाट रस्त्यावर वेग मिळतो. गिअरची पेटी नाही. मुठीची जागा हाच गिअर! भारतातही तिची चाचणी झाली आहे.

आपल्या मुलखात आणखी एक शत्रू आहे: ऊन. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे जातो. मज्जारज्जूची इजा छातीच्या वरच्या भागात असेल तर तिच्याखाली घाम नीट फुटत नाही आणि शरीराची थंड होण्याची सोय बंद पडते. अशा माणसाला तहान लागेपर्यंत किंवा गरगरेपर्यंत थांबून चालत नाही. ओला पंचा, अंगावर पाण्याचा शिडकावा आणि सकाळ-संध्याकाळची कामं, हे त्याच्यासाठी औषधाइतकंच गरजेचं आहे.

आणि कामं आहेत! जंगलाचं अर्थकारण पायांवर चालतं असं वाटतं, पण त्याचा मोठा भाग बसून होतो. तेंदूची पानं पहाटे जंगलातून तोडून आणतात हे खरं. पुढे सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधावे लागतात, तेव्हाच फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, त्यांचा हिशेब होतो. मोहफुलं निवडणं, चारोळी फोडणं, बांबूच्या कमच्या विणणं ही हातांची कामं आहेत. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक गावांत बांबूचा आणि तेंदूचा व्यवहार ग्रामसभा ठरवू लागल्या. मग प्रश्न असा उरतो की ग्रामसभा जिथे भरते, तिथे चाक पोहोचतं का? पोहोचत नसेल तर गावातल्या एका माणसाचा हक्क ओट्याखालीच अडतो.

कायदा या माणसाच्या बाजूचा आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 21 प्रकारची दिव्यांगत्वं मान्य केली. त्यात कुष्ठमुक्त व्यक्तींची नोंद चलनविषयक दिव्यांगत्वात, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाच्याच गटात आहे. महाराष्ट्रानं 2022च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं सुरू केलं. ग्रामपंचायतीनं आपल्या स्वउत्पन्नातला पाच टक्के हिस्सा दिव्यांगांवर खर्च करायचा, असा नियम आहे.

म्हणून वाचकांना विनंती. घरातली मोजपट्टी काढा आणि तुमच्या शाळेचा, दवाखान्याचा, ग्रामपंचायतीचा ओटा जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. त्याला बारानं गुणा. आलेली लांबी म्हणजे रॅम्पची कमीत कमी लांबी: 45 सेंटिमीटरच्या ओट्याला 5.4 मीटर. याहून आखूड बांधला तर तो उतार फोटोपुरता राहतो, माणसाला एकट्याला चढता येत नाही. दार 90 सेंटिमीटर रुंद हवं आणि आत खुर्ची वळायला दीड मीटरचं वर्तुळ मोकळं हवं. संडासालाही हेच माप लागू आहे, कारण दर चार-सहा तासांनी मूत्राशय रिकामं करायची सोय नसेल तर माणूस घराबाहेर पडूच शकत नाही. हे आकडे कागदावर लिहून पुढच्या ग्रामसभेत मांडा आणि पाच टक्क्यांचा हिशेब मागा.