चार्जिंगचे सेल, जुना गेम आणि १.२ व्होल्टचा बाऊ

पेण तालुक्यातलं हमरापूर म्हणजे गणपतीच्या कारखान्यांचं गाव. सणाला मुंबईकर पाहुणे आले, माळा उपसला, की मखराच्या सामानासोबत नव्वदीतला ब्रिक गेम नाहीतर कुणा दुबईच्या मामाने आणलेला गेम बॉय हाती लागतो. मग सल्ला ठरलेला : "चार्जिंगचे सेल नको हां, ते १.२ व्होल्टचेच. त्यापेक्षा मोबाईलची बॅटरी ठोक." हे ऐकून ऐकून कान किटले. यातलं पहिलं वाक्य चूक आहे आणि दुसरं धोक्याचं.

गैरसमज : दीड व्होल्टच्या सेलवरचा गेम १.२ व्होल्टवर चालत नाही.

वस्तुस्थिती : दीड हा आकडा कोऱ्या सेलचा. अल्कलाइन पेन्सिल सेल वापरायला काढला की लगेच उतरणीला लागतो. निम्मा संपेपर्यंत तो १.२ च्या आसपास येतो आणि गेम तरीही चालूच असतो. खुद्द एनर्जायझर आपल्या ई-९१ अल्कलाइन सेलची क्षमता ०.८ व्होल्टपर्यंत मोजते. उलट निकेल मेटल हायड्राइडचा चार्जिंग सेल बराच वेळ १.२ वर टिकतो आणि शेवटी एकदम खाली येतो. विश्वास नसेल तर गेम चालू ठेवून अर्धवट वापरलेल्या साध्या सेलला मल्टिमीटर लावा.

निन्टेंडोला तरी हे कळत असेल की नाही? १९८९ चा गेम बॉय चार पेन्सिल सेलवर, म्हणजे ६ व्होल्टवर चालतो. त्यासाठी कंपनीनेच निकेल कॅडमियमचा चार्जिंग पॅक विकला होता आणि निकेल कॅडमियमचा सेलही १.२ व्होल्टचाच असतो. पडदा जरा फिका वाटला तर डाव्या कडेची कॉन्ट्रास्टची चकती फिरवा. सेगाच्या गेम गिअरला सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. असा जास्त करंट ओढणाऱ्या यंत्रात निकेलचे सेल अल्कलाइनपेक्षा सरस ठरतात. खरी अडचण एकच : सेल शेवटी झटकन उतरतो, त्यामुळे बॅटरी संपल्याची सूचना उशिरा मिळते. गेम सेव्ह करायला आळस करू नका.

आता मोबाईलच्या बॅटरीकडे वळू. लिथियम सेलवर ३.७ छापलेलं असतं, पण पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो. दोन सेलच्या ब्रिक गेमला ३ व्होल्टची सवय. गेम बॉयला मात्र हा एक सेल अपुरा, तिथे बूस्टर लागतो. शिवाय चार्जिंगची आणि संरक्षणाची पट्टी हवी. बाजारात सर्रास मिळणारी टीपी४०५६ ची पट्टी १ अँपिअर सोडते, ५०० एमएएचच्या सेलला हा दुप्पट मारा होतो. तिच्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून ५ किलोओहमचा लावला, तर करंट २५० मिलिअँपिअरवर येतो. एवढं समजून करणारे करोत. बाकीच्यांनी बॅटरीच्या पत्र्यांना थेट डाग देऊ नये. "बीएल-५सी ला काही होत नाही," म्हणणाऱ्यांनी २००७ आठवावं : मात्सुशिताने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात, असा इशारा खुद्द नोकियाने दिला होता.

आता किरकोळ गैरसमज.

"१४५०० चा सेल पेन्सिल सेलच आहे." माप तेच, व्होल्टेज ३.७. दोन बसवलेत तर गेम जळेल.

"उन्हात ठेवले की सेल चार्ज होतात." उष्णतेने उरलीसुरली रासायनिक क्रिया घटकाभर जोर धरते, भर काहीच पडत नाही.

"जास्त एमएएच म्हणजे जास्त ताकद." ताकद नव्हे, जास्त वेळ. आणि ९९०० छापलेला १८६५० सेल ही निव्वळ थाप आहे, खरे सेल साधारण साडेतीन हजारांवर थांबतात.

"लिथियम पूर्ण उतरवूनच चार्ज करावा." उलट त्याने आयुष्य घटतं.

"चार्जिंगचे सेल घातले की कार्ट्रिजचं सेव्हही टिकेल." त्याचा बटण सेल आत वेगळा असतो, तो संपला की सेव्ह गेलं. तिथे चार्जिंगचा बटण सेल बसवू नका, कार्ट्रिजमध्ये चार्जर नसतो.

"स्प्रिंगवर पांढरं साचलं, गेम गेला." अल्कलाइन सेल गळला असेल तर कापसाच्या बोळ्याने थोडं व्हिनेगर लावा, पुसून पूर्ण वाळवा. पत्रा कुरतडला गेला नसेल तर गेम बहुधा उठतो.

थोडक्यात, जुना गेम चार्जिंगवर न्यायला तो फोडावा लागत नाही. निकेलचे चांगले सेल आणि त्यांचाच चार्जर घ्या, गेम माळ्यावर टाकण्याआधी सेल बाहेर काढा. मेलेले सेल घरच्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते वेगळे देणं ही वापरणाऱ्याचीही जबाबदारी आहे.