वाळवंटी पार्श्वसंगीत, व्हिडिओ खेळांतील

व्हिडिओ खेळातील वाळवंटी दृश्याच्या टप्प्याला साथ देणारे संगीत. चित्रपटातील प्रसंगाची लांबी निश्चित असते. खेळात मात्र खेळाडू एका ठिकाणी किती वेळ रेंगाळेल, हे संगीतकाराला आधी ठाऊक नसते. म्हणून शेवट व प्रारंभ बेमालूम जुळतील अशी आवर्ती रचना करतात, किंवा निरनिराळे वाद्यस्तर स्वतंत्र ध्वनिमुद्रित करून प्रसंगानुसार ते वाढवितात वा कमी करतात. १९८३ मध्ये जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रात ध्वनीचे पाचच मार्ग होते. अशा साधनांवर थोडक्या स्वरांतच स्थळाची ओळख पटवावी लागे. त्यामुळे रूढ संगीतसंकेतांचा आधार घेणे सोयीचे ठरले.

वाळवंटाचा सर्वांत रूढ संकेत म्हणजे कोमल ऋषभावरून एकदम शुद्ध गांधारावर जाणारी स्वरपंक्ती होय. अरबी-तुर्की संगीतातील हिजाझ मकामाशी तिचे साम्य आहे. पुढे शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत व कोमल निषाद घेतल्यास हिंदुस्थानी संगीतातील बसंत मुखारी रागाचे स्वर मिळतात. कर्नाटक संगीतातील वकुळाभरणम् मेळाशी संबंधित असलेला हा राग श्रीकृष्ण नारायण रातंजनकर (१९००–७४) यांनी हिंदुस्थानी पद्धतीत प्रचारात आणला. निषाद शुद्ध केल्यास भैरवाचे स्वर होतात. पाश्चात्त्य श्रोत्याला ज्या स्वरांतून तापलेली वाळू जाणवते, त्यांतून रागसंगीताच्या श्रोत्याला पहाट जाणवू शकते. याउलट, कोयनानगरसारख्या अतिवृष्टीच्या ठिकाणी वाढलेला व वाळवंट कधीही न पाहिलेला खेळाडू ही चाल ऐकताच वाळवंट ओळखतो. म्हणजे हा अर्थ स्वरांच्या ठायी उपजत नसून सवयीने जडलेला आहे.

या सवयीचा इतिहास खेळांहून जुना आहे. फ्रेंच संगीतकार फेलिस्यँ दाव्हीद यांची ल देझेर ही रचना १८४४ मध्ये पॅरिस येथे सादर झाली. पुढे चित्रपटांनी ही परंपरा सर्वदूर नेली. मॉरिस झार यांचे लॉरेन्स ऑफ अरेबिया (१९६२) या चित्रपटाचे संगीत हे तिचे ख्यातनाम उदाहरण होय. प्रत्यक्ष वाळवंटांतील संगीत या साच्यात बसतेच असे नाही. थरच्या परिसरातील मांड ही गायकी प्रामुख्याने शुद्ध स्वरांची, बिलावल थाटाची मानतात. कमायचा, सिंधी सारंगी, खडताळ व मोरचंग यांच्या नादांतून तो प्रदेश उभा राहतो. हृदयनाथ मंगेशकर यांनी लेकिन या चित्रपटात मांडेच्या वळणाची चाल योजली. या चित्रपटाच्या संगीतदिग्दर्शनाबद्दल त्यांना १९९० चा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला.

संकेतावर विसंबल्याने भिन्न प्रदेशांची सरमिसळ होते. सुपर मारिओ ६४ (१९९६) या खेळात सतारीच्या नादाची एकच चाल लाव्हारसाच्या व वाळूच्या अशा दोन्ही टप्प्यांत वाजते. जर्नी (२०१२) या खेळासाठी ऑस्टिन विन्टोरी यांनी निराळा मार्ग स्वीकारला : एकल चेलोला प्राधान्य देऊन त्यांनी वाळवंटातील एकाकी प्रवास सूचित केला. राजस्थानी वास्तुशैलीचा प्रभाव असलेल्या राजी : ॲन एन्शन्ट एपिक (२०२०) या पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स संस्थेच्या खेळाचे संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने रचले. संगीतकार कोणत्याही देशाचा असो, त्याच्यापुढील निवड तीच राहते. रूढ स्वरपंक्तीने स्थळ तत्काळ ओळखू येते. परंतु ते कोणते वाळवंट व तेथे कोण राहते, हे सांगण्यासाठी त्या प्रदेशाचे स्वर, लय व वाद्ये यांचा अभ्यास आवश्यक ठरतो.