दिवाबत्तीचा खर्च

देवालय बांधणाऱ्याचे नाव शिळेवर कोरले जाते; तेथे रोज सायंकाळी दिवा लावणाऱ्याचे नाव सहसा कोणास ठाऊक नसते. जुने राज्यकर्ते मात्र व्यवहार ओळखून होते. देवस्थानास एकदा देणगी देऊन ते थांबत नसत, तर दिवाबत्तीसाठी जमीन इनाम लावून देत. आता सार्वजनिक वास्तू संगणकाच्या आज्ञावलीच्या रूपाने उभ्या राहू लागल्या आहेत आणि ही जुनी समज नेमकी याच वेळी लोप पावलेली दिसते. स्पेनमधील माद्रिद आणि बार्सिलोना या दोन नगरांचा गेल्या दशकातील अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

मंदीने गांजलेले हजारो तरुण मे २०११ मध्ये माद्रिदच्या मुख्य चौकात ठाण मांडून बसले होते. त्या चळवळीतून पुढे आलेल्या गटांनी २०१५ च्या निवडणुकीनंतर दोन्ही महानगरांचा कारभार हाती घेतला. माद्रिदच्या महापौरपदी मॅन्युएला कार्मेना या निवृत्त न्यायाधीश आल्या, तर बार्सिलोनात घरांतून हुसकावल्या जाणाऱ्या कर्जदारांसाठी झगडणाऱ्या आदा कोलाउ. माद्रिदने ‘कॉन्सुल’ नावाची आज्ञावली तयार करविली. घरबसल्या सूचना मांडावी, इतरांच्या सूचनांना पाठिंबा द्यावा आणि अंदाजपत्रकाचा काही भाग मतदानाने ठरवावा, अशी सोय तिच्यामुळे झाली. नागरिकांनी ठरवावयाची ही रक्कम २०१६ मध्ये ६ कोटी युरो होती, ती पुढच्या वर्षी १० कोटींवर गेली. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये या उपक्रमास लोकसेवा पुरस्कार दिला.

ही आज्ञावली ‘ओपन सोर्स’ होती, म्हणजे तिची संहिता कोणालाही वाचता, तपासता आणि वापरता येत होती. ही केवळ तंत्रज्ञांच्या आवडीची बाब नव्हे. निवडणुकीच्या कामावर गेलेल्या प्रत्येक शिक्षकास ठाऊक असते की, मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेऊन यंत्र चोख असल्याचे दाखवावे लागते. नागरिकांचे कौल मोजणारी आज्ञावली जर एखाद्या कंपनीच्या कुलपात असेल, तर कोणती सूचना वर आली आणि कोणती तळाशी गेली, याचा पडताळा कोणी आणि कसा घ्यावा? तेव्हा लोकांच्या पैशाने लोकांसाठी उभारलेली आज्ञावली लोकांना वाचता आली पाहिजे, ही मागणी मतपेटी सर्वांसमक्ष उघडण्याच्या मागणीहून वेगळी नाही.

तथापि खुलेपणाने सर्व प्रश्न सुटत नाहीत. २०१९ मध्ये माद्रिदमध्ये सत्तांतर झाले. नव्या सत्ताधाऱ्यांना आधीच्यांच्या या अपत्याविषयी ममत्व असण्याचे कारण नव्हते. ज्यांनी ते वाढविले होते, तो चमू पांगला. संहिता खुली असल्यामुळेच ती वाचली. इतर अनेक नगरे ती आधीच वापरीत होती आणि तिच्या संगोपनासाठी नेदरलँडमध्ये प्रतिष्ठान स्थापन झाले.

बार्सिलोनाने प्रारंभी, २०१६ मध्ये, माद्रिदचीच आज्ञावली घेतली होती. चाळीस हजारांहून अधिक नागरिकांनी तिच्या आधारे नगराच्या चार वर्षांच्या आराखड्यात भाग घेतला. त्यानंतर त्या नगराने ‘देसिदिम’ ही स्वतःची आज्ञावली रचली. कातालान भाषेत या शब्दाचा अर्थ ‘आम्ही ठरवतो’ असा आहे. तिची सूत्रे मात्र महापौरांच्या कचेरीतच राहू दिली नाहीत. २०१९ मध्ये सभासदांची स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि नगरपालिका व कातालोनियाचे प्रादेशिक सरकार यांनी तिच्याशी रीतसर करार केले. २०२३ मध्ये कोलाउंचीही सत्ता गेली. देसिदिम चालू राहिली. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेचे अर्ज-विनंत्यांचे दालन याच आज्ञावलीवर चालते. २०२५ च्या जुलैमध्ये एका विद्यार्थिनीने नव्या शेतीविषयक कायद्याविरुद्ध तेथे अर्ज दाखल केला, तेव्हा त्यावर वीस लाखांहून अधिक सह्या झाल्या. दालन त्या वेळी कोसळले असते, तर दोष कोणास दिला असता?

हा प्रश्न काल्पनिक नाही. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त राखणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीत एप्रिल २०१४ मध्ये गंभीर दोष आढळला. जगातील बँका आणि सरकारे तिच्यावर विसंबून होती, आणि तिला मिळणाऱ्या देणग्या होत्या वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर! बड्या कंपन्यांनी निधी उभारला, तो हा बोभाटा झाल्यावर. अशा पायाभूत आज्ञावलींच्या देखभालीसाठी जर्मन सरकारने २०२२ मध्ये स्वतंत्र निधी काढला. सरकारांनी हे काम रस्ते-पुलांच्या डागडुजीसारखे आपले मानावे, याची ती सुरुवात म्हणता येईल.

भारत सरकारने शासकीय कामांत ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण २०१५ मध्येच जाहीर केले. परंतु वापरण्याचे धोरण निराळे आणि पोसण्याचे निराळे. फुकट मिळते म्हणून घ्यावयाचे आणि ते राखणाऱ्यास विसरावयाचे, ही वृत्ती कारकुनी हिशेबात काटकसर म्हणून खपते. २०२४ मध्ये ‘झेरोधा’ या खाजगी कंपनीने जगभरच्या अशा प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलर देण्याची घोषणा केली. जे सरकारी तिजोरीस सुचावयास हवे होते, ते एका दलाली पेढीस सुचले.

पुणे महानगरपालिकेने २००६ मध्ये अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामांच्या सूचना मागविण्याची प्रथा सुरू केली, ती बार्सिलोनाच्या दहा वर्षे आधी. ही प्रथा उद्या बार्सिलोनाप्रमाणे खुल्या आज्ञावलीवर आणावयाची, तर पुण्यास पहिल्या वर्षीच्या खरेदीपेक्षा पाचव्या वर्षीच्या पगारांची तरतूद अधिक काळजीने करावी लागेल. आपल्या गल्लीतील गटाराची सूचना कोणत्या टेबलावर अडली, हे नागरिकास तेव्हाही दिसत राहावयास हवे, आणि त्यासाठी ती आज्ञावली सांभाळणारी चार माणसे नोकरीवर असावी लागतील.