लग्नाचे शूटिंग : फाइल फुगते कशामुळे?

परभणी–परळी रेल्वेमार्गावरील पोखर्णी हे नृसिंह मंदिरामुळे परिचित असलेले गाव. यात्रा असो, लग्न असो की निकाह-वलीमा, अशा गावांतून शूटिंगची कामे घेणाऱ्या तरुणांपुढे एक अडचण हमखास येते. तीन तासांचे काम गिऱ्हाइकाच्या १६ जीबी पेनड्राइव्हमध्ये मावत नाही. मावेल इतके दाबले तर वरातीत चेहऱ्यांचे चौकोन होतात. मग हार्डडिस्क वाढतात आणि नफा त्यातच जिरतो. हे टाळायचे तर फ्रेम रेट आणि बिटरेट हे दोन आकडे समजून घ्यावेत.

एका सेकंदात जितकी चित्रे टिपली जातात तो फ्रेम रेट. त्या सेकंदासाठी फाइलमध्ये जितकी माहिती लिहिली जाते तो बिटरेट. फाइल किती मोठी होणार, हे बिटरेट आणि वेळ या दोनच गोष्टी ठरवतात. हिशेब सोपा आहे. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून ८ मेगाबिटवर सेकंदाला १ मेगाबाइट, तासाला ३.६ जीबी. तीन तासांचे १०.८ जीबी होतात आणि आवाज धरूनही ते १६ जीबीत बसतात. तेच ५० मेगाबिटवर काढले तर ६७.५ जीबी!

फ्रेम रेटचे काम निराळे. बिटरेट तोच ठेवून २५ ऐवजी ५० फ्रेम घेतल्या, तर फाइल वाढत नाही. पण प्रत्येक चित्राच्या वाट्याला निम्मी माहिती येते. भाकरी तीच, खाणारे दुप्पट! लागोपाठची चित्रे बरीच सारखी असल्याने बिटरेट दुप्पट करावा लागत नाही. यूट्यूबची फुल एचडीसाठीची शिफारस २५ फ्रेमला ८ आणि ५० फ्रेमला १२ मेगाबिट अशी आहे.

जुन्या व्यावसायिकांना व्हीसीडी आठवत असेल. १९९३ साली ठरलेल्या त्या प्रकारात २५ फ्रेमचे छोटेसे चित्र अवघ्या १.१५ मेगाबिटमध्ये बसवले जाई. नाच सुरू झाला की पडदा चौकोनांनी भरायचा, तो त्यामुळेच.

आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने मंडपातील दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवल्यास ही लुकलुक सहसा चित्रात उतरत नाही. ३० आणि ६० हे आकडे ६० हर्ट्झ वीज असलेल्या अमेरिकेकडून आलेले आहेत.

तेव्हा सबंध कार्यक्रम २५ फ्रेम, ८ मेगाबिटवर द्यावा. ५० फ्रेम फक्त संथ गतीने दाखवायच्या दृश्यांसाठी राखाव्यात. फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल जात नाही, म्हणून तासातासाचे भाग पाडावेत. आणि हे सारे बयाणा घेतानाच गिऱ्हाइकाला सांगावे; नंतरची कटकट वाचते.